सात इंच वर

३ जून, सोमवार

आत्याचा फोन. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने आईला न मागता मला मागितलं. "अगं, तुमच्या त्या लिफ्टच्या कोर्सला प्रवेश कसा मिळतो?" तिच्या मुलासाठी! संगणकाची पदवी घेऊन दीड वर्ष घरी बसलाय. तो जे शिकला ते काम आता यंत्रच करतं, आणि यंत्र सुट्टीही मागत नाही.

मी कोर्स घेतला तेव्हा हीच आत्या आईला म्हणाली होती, "ग्रीस माखून घरी येणारी मुलगी कोण करून घेणार गं?" आज म्हणाली, "तुझ्या हातात कला होतीच हो, मी लहानपणापासून म्हणायचे." कधीच म्हणाली नव्हती. मी अर्जाची शेवटची तारीख सांगितली आणि फोन आईकडे दिला.

संस्थेत साठ जागा आहेत. यंदा आत्ताच नऊशे अर्ज आलेत म्हणे. माझ्या वेळी आम्ही एकोणतीस होतो, आणि त्यात मुलगी मी एकटी. मुलींचं स्वच्छतागृह मी पास झाल्यावर बांधलं.

६ जून, गुरुवार

कंपनीच्या साहेबांनी बोलावलं. संस्था जाहिरातीसाठी छोटी फिल्म काढतेय — हाताच्या कामाकडे तरुणांनी वळावं म्हणून. त्यात मी हवी. "तू दिसलीस की मुली येतील." मी म्हटलं, मास्तर दिसू देत, एकोणतीस वर्षं काम केलंय त्यांनी. साहेब हसले. "मास्तरांना बघून कोण येणार? त्यांना बघून लोक जिना चढतील."

मास्तरांना हे सांगितलं तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त हसू आलं.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात कारण नवीन माणूस आला की त्यांच्याच गळ्यात पडतो. मीही तशीच पडले. पुढच्या महिन्यापासून ते खरोखरच मास्तर होणार आहेत. संस्थेचं शिक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र आलंय. "गुडघे म्हणतात, आता बसून बोला." पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून हत्यारांच्या पेटीत ठेवलंय. दोनदा दाखवलं मला. दुसऱ्यांदा दाखवताना विसरल्याचं नाटक केलं.

त्यांचा एक नियम आहे. वीज बंद करून, ब्रेक हाताने सोडून लिफ्टचा डबा थोडासा हलवायचा असतो तेव्हाचा. एकजण डब्याच्या टपावर असतो, दुसरा वर मशीनरूममध्ये ब्रेकपाशी. टपावरचा सांगतो, "सात इंच वर, सोड." ब्रेकपाशी असलेल्याने तेच परत म्हणायचं, "सात इंच वर, सोडते." मग टपावरचा म्हणतो, "हो." त्या 'हो'शिवाय ब्रेकच्या लिव्हरला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात मला हे पाढे म्हटल्यासारखं वाटायचं, हसू यायचं. मास्तर म्हणाले होते, "हस पोरी, खुशाल हस. हसून झालं की म्हण."

१० जून, सोमवार

धाकटीने जेवताना जाहीर केलं — कॉलेज सोडणार, लिफ्टच्या कोर्सला अर्ज करणार. आईने भांडं आपटलं. "एक पुरे आहे माझ्या घरात छतावर चढणारी!" धाकटी म्हणाली, "ताईला रोज संध्याकाळी काहीतरी दुरुस्त झालेलं दिसतं. मला नुसते मार्क दिसतात. तेही कमी."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायले.

खरं म्हणजे मला आवडलं. इथे लिहून ठेवते. तिला सांगणार नाही, शेफारेल.

११ जून, मंगळवार

उद्या चित्रीकरण. ब्रशने नखं साफ केली. कशाला, कोण जाणे.

१२ जून, बुधवार

मास्तरांचा उजवा हात गेला. ब्रेक मी सोडला होता.

आज एवढंच.

१४ जून, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

जुनी सात मजली इमारत. डबा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. काम रोजचंच — शू बदलायचे. डबा भिंतीवरच्या लोखंडी रेलला ज्या पकडीने धरून सरकतो, ती पकड म्हणजे शू. मास्तर टपावर, मी वर मशीनरूममध्ये, माझ्याबरोबर कॅमेरावाला. मेन स्विच बंद, कुलूप घातलेलं, किल्ली माझ्या खिशात. वॉकीटॉकी चार्ज केलेले. इथपर्यंत सगळं बरोबर.

सुरुवातीला आम्ही लिव्हरला हात न लावता नुसता सराव करून दाखवला. मास्तर बोलले, मी परत म्हटलं, ते हो म्हणाले. कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, ते तेच तेच परत बोलणं नको, शॉट लांबतो." मी ठीक आहे म्हटलं. मला कोणी दम दिला नव्हता. मी आपणहून ठीक आहे म्हटलं.

मग खरं काम, डबा सात इंच वर घ्यायचा. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "सोडू का?"

वॉकीटॉकीवर मास्तरांचा आवाज आला, "जाऊ दे."

मी सोडला.

रिकामा डबा ब्रेक सोडल्यावर खाली पडत नाही. वर जातो. दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन त्याहून जड असतं. टपावर एक माणूस धरला तरी जड असतं. लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. मास्तरांचा हात शू आणि भिंतीवरची रेलची पट्टी यांच्या मधे होता. सात इंच पूर्ण झाले नाहीत. तीन झाले असतील. ओरडणं वॉकीटॉकीवरून आलं नाही, दोराच्या भोकातून सरळ वर आलं.

हात सुटायला डबा खाली घ्यावा लागतो. चाक उलटं फिरवायचं, वजनाविरुद्ध, आणि त्या वेळी ब्रेक कोणीतरी उघडा धरायचा. लिव्हर कॅमेरावाल्याने धरला. घट्ट धर, म्हणून मला त्याच्यावर ओरडावं लागलं. तीन इंच खाली. हात मनगटाच्या वरपासून काढावा लागला, असं डॉक्टर म्हणाले.

"जाऊ दे." मास्तरांच्या हातातून काहीतरी पडलं असणार. नट, वॉशर, काहीही. ते पडलं, म्हणून 'जाऊ दे'. मी ऐकलं — डबा जाऊ दे. एकच शब्द, दोन अर्थ, दोन माणसं. डोक्यात सारखं हेच चालू आहे.

कालच साहेबांनी माझं निवेदन घेतलं. तो शब्द जसा ऐकला तसा लिहिला, एक अक्षर इकडेतिकडे नाही.

मी परत म्हटलं नव्हतं, ते लिहिलं नाही. तसं कोणी विचारलं नव्हतं.

१७ जून, सोमवार

हॉस्पिटलमध्ये गेले. काकू — मास्तरांची बायको — दाराशीच म्हणाल्या, "ये गं. तुझीच वाट बघत होते. माझं डोकं खाल्लंय, पोरगी आली का, आली का."

मास्तर टेकून बसले होते. पांढऱ्या पट्टीचा गुंडाळा उशीवर ठेवलेला, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "डावा आहे अजून. आजवर त्याला कामच दिलं नव्हतं, फुकट खात होता." काकू म्हणाल्या, "आता चहा सांडतो आणि ओरडा मला खावा लागतो!"

काकू औषध आणायला गेल्या तेव्हा मी विचारलं, "मास्तर, तुम्ही 'जाऊ दे' म्हणालात ना?"

ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

"हो," म्हणाले. "तसंच म्हणालो."

"काही पडलं होतं का?"

"वॉशर. वॉशर पडला. म्हटलं, जाऊ दे."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. बसमध्ये मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मला आवडलं नाही, तरी वाटलंच.

२१ जून, शुक्रवार

कंपनीचा निष्कर्ष आला. दीड पान. "ज्येष्ठ कर्मचाऱ्याने संदिग्ध शब्दाचा वापर केला." माझ्याबद्दल एक ओळ — मिळालेल्या सूचनेनुसार कृती केली.

ज्याने एकोणतीस वर्षं आम्हाला बोलायला शिकवलं, त्याला बोलता येत नाही असं दीड पानात लिहिलंय!

संस्थेने नेमणुकीचं पत्र परत मागवलं. सुरक्षिततेत चुकलेला माणूस शिकवणार कसा? कामावरूनही काढणार. साहेब मला म्हणाले, "तुझ्या नावाला डाग नाही. आनंद मान." अजून सरकारी तपासनिसांची सुनावणी व्हायची आहे, १२ जुलैला. "ती नावापुरती. दोघांचं म्हणणं जुळतंय, वादच नाही."

आनंद मानायला मी बाथरूममध्ये गेले आणि दहा मिनिटं नळ सोडून उभी राहिले.

२४ जून, सोमवार

फिल्म आली.

मला वाटलं होतं, ती आता गुंडाळून ठेवतील. तीन कामकरी हसताना, वेल्डिंगच्या ठिणग्या, संगीत. मग मी. लिव्हरवर हात, चेहरा जवळून. मी लिव्हर ओढते. चेहरा शांत. खाली अक्षरं येतात — "हातात कौशल्य, आयुष्य आपल्या हातात."

मी चार वेळा थांबवून बघितलं. शंकाच नाही. त्या दिवशी मी ब्रेक एकदाच सोडला होता.

आत्याने ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली. "आमची वाघीण!" शेजारच्या काका-काकूंनी जिन्यात अडवून अभिनंदन केलं. धाकटी म्हणाली, "किती शांत दिसतेस गं ताई! मला असं व्हायचंय."

२६ जून, बुधवार

चौदाशे अर्ज. त्यात दोनशेवर मुली. साहेबांनी पेढा वाटावा तसा आकडा वाटला ऑफिसभर.

धाकटीने अर्ज समोर ठेवला. शिफारस करणाऱ्या कारागिराची सही लागते. तिने माझं नाव आधीच लिहून आणलं होतं, सुंदर अक्षरात.

२७ जून, गुरुवार

सही केली नाही. ती बोलत नाही.

२ जुलै, मंगळवार

मास्तरांच्या घरी. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकताहेत. काकू बाजूला बसून मोजतात, "तीन. चौथं चुकलं. काढा." मास्तर म्हणाले, "बघ, हिच्या हाताखाली काम करतोय. साहेब बरा होता."

काकू आत गेल्यावर मी सांगितलं. "मी परत म्हटलं नव्हतं. तुमचा हो घेतला नव्हता. आणि ते मी निवेदनात लिहिलं नाही."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

बटणाशी खटपट चालूच होती. "तुला अजून तीस वर्षं हे करायचंय. माझी तीन राहिली होती. हिशेब सोपा आहे."

"तुमचं शिकवायचं काम गेलं."

"शिकवणारे मिळतात गं."

"मिळत नाहीत, मास्तर."

त्यांनी ते बटण सोडून दिलं. मग म्हणाले, "चौदाशे पोरं तुझ्या तोंडाकडे बघून आलीत. त्या तोंडाला काळं फासू नकोस."

मला राग आला. त्यांच्यावर नाही. ते माझ्या बाजूने इतक्या सहजपणे उभे राहिल्याचा राग. मी म्हटलं, "ती पोरं येतील आणि तुमच्याशिवाय शिकतील. मग एखादीला कॅमेरावाला सांगेल, परत बोलू नको. तीही ठीक आहे म्हणेल."

"ओरडू नकोस. काकू येईल."

मी ओरडत नव्हते. पण आवाज कदाचित वर गेला असेल.

५ जुलै, शुक्रवार

कॅमेरावाल्याला शोधून काढलं. एका खोलीचं ऑफिस, दाढी वाढलेली. मला बघून उठून उभा राहिला.

मी म्हटलं, मूळ चित्रीकरण हवं, आवाजासकट. माझा 'सोडू का', मास्तरांचा 'जाऊ दे', आणि मधे माझं परत न म्हणणं — सगळं त्यात असेल. तपासनिसांना द्यायचंय.

तो म्हणाला, "तो तुकडा मी वेगळा ठेवला होता. वर लिहिलं होतं, वापरू नये. संस्थेतल्या माणसाने सगळ्यात चांगला शॉट म्हणून तोच उचलला. आवाजावर गाणं टाकलं, कळणार कुणाला?" मग, "मॅडम, परत बोलू नका असं मी म्हणालो होतो. माझंही नाव घाला."

पेनड्राइव्ह देता देता त्याचा हात थांबला. "तुम्ही ऐकलंय का हे?"

"गरज नाही. मी तिथे होते."

त्याने तो दिला.

८ जुलै, सोमवार

पेनड्राइव्ह कपाटात आहे. ऐकला नाही. पुराव्यात हात घालू नये, असं एक कारण. दुसरं — ते ओरडणं. तिसरं कारण नाही.

तपासनिसांना पत्र लिहिलं. मी नियम मोडला, परत म्हटलं नाही, होकार घेतला नाही, हे निवेदनातून गाळलं. शब्द संदिग्ध होता. पण नियम त्यासाठीच असतो. दोष दोघांचा, जास्त माझा. पत्र तीन वेळा वाचलं. अचूक आहे.

९ जुलै, मंगळवार

आईला सांगितलं. माझा लिफ्टच्या कामाचा परवाना जाईल, निदान काही वर्षं.

"तुला कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मास्तरांनी तक्रार केलीय?"

"नाही."

"मग?"

आई कपड्यांच्या घड्या घालत राहिली. चार घड्या झाल्यावर म्हणाली, "निदान इस्त्रीचा शर्ट घालून जा. गबाळी जाऊ नकोस तिथे."

बारा दिवसांनी धाकटी बोलली. दारात उभी राहून. "ताई, तुझी चूक होती?"

"अर्धी."

मग म्हणाली, "मी येऊ तुझ्याबरोबर?" मी नको म्हटलं. मग म्हटलं, बाहेर बस हवं तर.

१२ जुलै, शुक्रवार

तपासनिसांनी पेनड्राइव्ह लावला. खोलीत ते, साहेब, मास्तर आणि मी.

माझा आवाज — "सोडू का?"

थोडी खरखर. मग मास्तर. स्पष्ट, सावकाश, शिकवताना बोलतात तसे —

"राहू दे. हात —"

तिथे लिव्हरचा आवाज आहे.

तपासनिसांनी परत लावलं. मग आणखी एकदा. 'जाऊ दे' कुठेही नाही. मास्तर मान खाली घालून टेबलाकडे बघत होते. साहेब त्यांच्याकडे बघत होते. तपासनिसांनी विचारलं, "काय ऐकू आलं, तुम्ही सांगा."

मी परत म्हटलं.